पादचाऱ्याची वहिवाट

शेताच्या बांधावरून गावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात-येत असली म्हणजे ती वाट पुढे कोणा एकाला कुंपण घालून सहजासहजी बंद करता येत नाही. कागद असो वा नसो. पायांनी उमटविलेला पुरावा पुरतो. ह्यालाच आपण वहिवाट म्हणतो. ह्या विषयावरील १८८२ च्या कायद्यानेही वीस वर्षे उघडपणे, शांततेने आणि अखंड चालत आलेल्या वापराला हक्काची प्रतिष्ठा दिली आहे. आता हाच न्याय शहरातील रस्त्याला लावून पाहा. तेथील चालणाऱ्याची वहिवाट वीस वर्षांची नव्हे, शहरे वसली तेव्हापासूनची आहे. असे असूनही विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत ती गेली, आणि कोणत्याही न्यायालयात न हरता गेली. ती कशी गेली, ती परत मिळविण्यासाठी कोणी कोणती खटपट केली, आणि त्या खटपटीतून आपल्याला काय शिकता येईल, एवढेच प्रस्तुत लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ लंडनपासून करू. १७ ऑगस्ट १८९६ रोजी तेथील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ब्रिटनमधील ही पहिलीच नोंद होय. चौकशी होऊन अपघाती मृत्यू असा निर्णय झाला, आणि असा प्रकार पुन्हा कधी घडू नये अशी इच्छा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली. इच्छा चांगली होती. परंतु नुसत्या इच्छेने रस्ते बदलत नाहीत.

पुढील अंक अमेरिकेत घडला. १९२० नंतर तेथील शहरांत मोटारींची संख्या झपाट्याने वाढली आणि मृतांत मुलांचा भरणा फार मोठा होता. लोक संतापले. १९२३ साली सिनसिनाटी शहरातील ४२ हजार नागरिकांनी सह्या करून मागणी केली की, शहरातील प्रत्येक मोटारीला ताशी २५ मैलांच्या पुढे वेग जाऊच नये असे यंत्र बसवावे. मोटारी विकणारे आणि वापरणारे ह्यांनी ह्याविरुद्ध जोराची मोहीम उभारली आणि मतदानात सूचना पडली. ह्या प्रसंगापासून त्या धंद्याने एक धडा घेतला. अपघाताचे खापर वेगावर फुटू द्यायचे नसेल, तर ते चालणाऱ्यावर फोडले पाहिजे! त्या सुमारास ‘जे-वॉकर’ ही एक शिवी अमेरिकेत रूढ झाली. ‘जे’ म्हणजे त्यांच्या बोलीत खेडवळ, शहराची रीतभात ठाऊक नसलेला गावंढा मनुष्य. रस्ता वाटेल तेथून ओलांडणारा तो गावंढा, असा त्याचा अर्थ. १९२५ साली लॉस एंजेलिसने ह्या शिवीला कायद्याचे पाठबळ दिले, आणि पादचाऱ्याने ठरावीक ठिकाणीच रस्ता ओलांडावा असा नियम केला. हजारो वर्षांची वहिवाट अशा रीतीने एका शब्दात गुन्हा ठरली. दोष यंत्राचा की रस्त्याचा हा प्रश्न मागे पडून दोष चालणाऱ्याच्या अक्कलेचा, हे उत्तर आधीच तयार झाले.

ब्रिटनमध्येही ह्याच सुमारास तसाच वारा वाहत होता. १९३० च्या कायद्याने मोटारींवरील ताशी २० मैलांची मर्यादाच काढून टाकली. त्याचे फळ दिसावयास फार वर्षे लागली नाहीत. १९३४ साली त्या देशात ७,३४३ माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांतील सुमारे निम्मे लोक पायी चालणारे होते. त्या वर्षी लेस्ली होअर-बेलिशा हे वाहतूकमंत्री झाले. त्यांनी गावठाणात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा आणली, चालकांची परीक्षा सुरू केली, आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा दाखविण्यासाठी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या खांबावर नारिंगी गोल दिवे उभे केले. ह्या खांबांना लोक अजून बेलिशांच्याच नावाने ओळखतात. तथापि खांब उभा केला म्हणजे मोटार थांबते असे नाही. रस्त्याच्या कडेचा खांब चालणाऱ्याला दिसे, पण भरधाव येणाऱ्या चालकाला जमिनीवरचे ओलांडण्याचे ठिकाण नीट दिसत नसे.

येथपासून आमच्या कथेत संशोधनाचा प्रवेश होतो. ब्रिटनमध्ये सरकारची एक मार्ग-संशोधन प्रयोगशाळा होती. तिचे काम प्रथम डांबर, खडी आणि काँक्रीट ह्यांच्यापुरते असे. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ पासून, वाहतूक व सुरक्षितता हेही विषय तिच्याकडे आले. रस्त्याची शास्त्रीय परीक्षा म्हणजे केवळ त्याच्या पृष्ठभागाची परीक्षा नव्हे, त्यावर माणसे कशी वागतात ह्याचीही परीक्षा, हा विचार तेव्हा नवा होता. १९४९ साली सुमारे एक हजार ठिकाणी निरनिराळ्या रंगांचे पट्टे रस्त्यावर आडवे रंगवून पाहण्यात आले. निळे-पिवळे झाले, तांबडे-पांढरे झाले; अखेर काळेपांढरे पट्टेच सर्वांत ठळक दिसतात असे ठरले. ३१ ऑक्टोबर १९५१ रोजी स्लाउ येथे असे पहिले पट्टे अधिकृतपणे अवतरले. आज जगभर ज्यांना ‘झेब्रा’ म्हणतात ते हेच.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. कोणी म्हणेल, रस्त्यावर चुन्याच्या रेघा ओढण्याला कसले आले आहे संशोधन? परंतु तिच्यातील विचार क्षुल्लक नव्हता. “लोक बेलिशाच्या खांबांची पर्वा करीत नाहीत, सबब लोक बेशिस्त आहेत,” असे म्हणून त्या मंडळींनी हात झटकले नाहीत. “खूण दिसत नसेल तर खुणेत काय उणे आहे?” असे त्यांनी विचारले. प्रश्नाचे तोंड माणसाकडून रस्त्याकडे वळले. पुढील सत्तर वर्षांत ह्या विषयात जे भरीव काम झाले, ते सारे ह्या एका वळणावरून पुढे गेलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या दृष्टीने वेगाचा प्रश्न पाहू. ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या मोटारीला चालकाला धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत २३ मीटर लागतात. ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर वेगाला १२ मीटर पुरतात, असे ब्रिटनचे नियमपुस्तक सांगते. एखादे मूल पंधरा मीटरांवर चेंडूमागे धावत आले, तर पहिली मोटार त्याच्यावर जाते आणि दुसरी त्याच्या अलीकडे उभी राहते. मूल तेच, चूकही तीच; फरक वेगाचा. पुढे १९८२ साली स्वीडनच्या यॉरान निल्सन ह्यांनी वेगमर्यादा बदललेल्या रस्त्यांवरील आकडे तपासून गणिती नियम मांडला. त्याचा सोपा अर्थ असा की, वाहनांचा सरासरी वेग शेकडा १ ने वाढला तर प्राणघातक अपघात सुमारे शेकडा ४ ने वाढतात. ह्याच स्वीडनच्या संसदेने १९९७ साली एक ठराव केला, आणि रस्त्यावर कोणीही मरणे किंवा जन्माचा अधू होणे हे नीतीच्या दृष्टीने क्षम्य नाही, असे धोरण स्वीकारले. माणूस चुकणारच, हे त्यात गृहीत धरलेले आहे. त्या चुकीला देहदंड होऊ नये अशी रस्त्याची रचना असावी, आणि तसे करण्याची जबाबदारी रस्ते बांधणाऱ्यावर असावी, हे त्याचे सार होय.

ठराव करणे स्वीडनला साधले ते संशोधकांच्या आकड्यांवरून. हॉलंडला आधी रस्त्यावर उतरावे लागले. हॉलंड म्हणजे सायकलींचा देश अशी आपली समजूत आहे, आणि ती आज खरीही आहे. परंतु १९५० नंतरच्या वीस वर्षांत तेथेही सायकल मागे हटत होती आणि मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते. १९७० नंतरच्या एक-दोन वर्षांत तेथे दरसाल तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. १९७१ मध्ये त्यांत चारशेहून अधिक मुले होती. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी अशीच गेली. त्याने १९७२ साली लेख लिहिला आणि त्याला ‘बालहत्या थांबवा’ असे मथळ्याचे नाव दिले. अपघात हा शब्द त्याने मुद्दामच टाळला. ह्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले. पुढे १९७३ च्या नोव्हेंबरात तेलटंचाईमुळे सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या, आणि मोटारीवाचून शहर कसे दिसते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. डेल्फ्ट गावात गल्ल्यांना वळणे, झाडे, उंचवटे देऊन मोटारीला पावलांच्या गतीने चालावयास लावणाऱ्या वस्तीच्या अंगणांचा प्रयोग झाला. १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याची मान्यता मिळाली.

सायकलीसाठी प्रथम हेग आणि टिलबर्ग ह्या शहरांत एकेक उत्तम मार्ग बांधून पाहण्यात आला. मार्ग झाला तसा त्यावर गर्दीही झाली. परंतु मोजदाद केली तेव्हा आढळले की, त्यांत शेजारच्या रस्त्यांवरून तेथे आलेले लोक पुष्कळ, आणि नव्याने सायकलीवर बसणारे थोडे. मग डेल्फ्टमध्ये एकेरी मार्गाऐवजी घरापासून शाळा, बाजार, कचेरीपर्यंत पोहोचणारे सबंध जाळे विणण्यात आले, आणि तेव्हा सायकलीचा वापर वाढलेला दिसला. साखळीची एक कडी निखळली की साखळी निरुपयोगी, तसेच हे आहे. आज हॉलंडमध्ये मृतांची संख्या दरसाल सहाशे ते साडेसातशेच्या दरम्यान असते. तेथे सर्व मंगल आहे असे मात्र नाही. २०२२ मध्ये मेलेल्या ७४५ जणांत २९१ सायकलस्वार होते, आणि त्यांत वृद्धांचा वाटा मोठा. प्रश्न सुटत जातो तसा तो नवे रूप घेतो.

आतापर्यंत आम्ही ज्यांचे डोळे, कान आणि पाय धड आहेत अशांविषयी बोललो. ज्यांचे तसे नाही, त्यांचे काय? ह्या विषयाचा सर्वांत बोधप्रद भाग येथेच आहे.

१९४५ साली अमेरिकेतील कालामझू गावी जॅक फिशर नावाच्या वकिलाच्या खटपटीने काही कोपऱ्यांवर फूटपाथची कड कापून उतार करण्यात आले. फिशर स्वतः युद्धात अपंग झालेला होता, आणि युद्धावरून परतलेल्या त्याच्यासारख्या इतरांना सहा इंचांची कड ही भिंतीइतकीच उंच होती. पुढे १९६२ साली पोलिओने मानेखाली लुळा पडलेला एड रॉबर्ट्स हा तरुण बर्कली येथील विद्यापीठात दाखल झाला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी धरलेल्या आग्रहामुळे १९७१ मध्ये बर्कलीच्या नगरसभेने मुख्य रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उतार करण्याचा ठराव केला. उतार चाकाच्या खुर्चीसाठी झाले. पण त्यावरून बाबागाडी ढकलणाऱ्या आया गेल्या, सामानाच्या हातगाड्या गेल्या, गुडघे दुखणारी म्हातारी माणसे गेली.

पण ह्या उताराने एक नवा पेच उभा केला. आंधळा माणूस पांढऱ्या काठीने कड चाचपून ‘येथे फूटपाथ संपला, पुढे रस्ता आहे’ हे ओळखतो. कड गेली की त्याची खूणही गेली, आणि तो नकळत मोटारींच्या प्रवाहात उतरतो. एका अपंगाचा दरवाजा उघडताना दुसऱ्याचा कठडा काढला गेला! ह्या पेचाचे उत्तर ज्यातून निघाले ती वस्तू ह्याआधीच जपानात तयार झाली होती. ओकायामा येथील सेइइची मियाके ह्या गृहस्थांनी, आपल्या एका मित्राची दृष्टी जाऊ लागली तेव्हा, पायांना जाणवतील असे उंचवटे असलेल्या फरश्या करून पाहिल्या. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामातील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसविण्यात आल्या. उभ्या समांतर रेघांची फरशी म्हणजे ‘ह्या दिशेने चला’, आणि गोल टिपक्यांची फरशी म्हणजे ‘थांबा, पुढे सावध’. रंग पिवळा, कारण ज्यांना अंधुक दिसते त्यांना तो उठून दिसतो. २०१२ साली ह्या फरश्यांसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. उतार खुर्चीसाठी आणि त्याच्या तोंडाशी टिपके काठीसाठी, असा मेळ बसला.

हा मेळ पुन्हा मोडण्याची वेळ युरोपात आली ती एका चांगल्या हेतूनेच. कड, खांब, खुणा सारे काढून रस्ता सपाट करावा, म्हणजे चालक आणि पादचारी एकमेकांच्या डोळ्यांत पाहून आपोआप सांभाळून वागतील, असा विचार काही अभियंत्यांनी मांडला. अंधांच्या संस्थांनी सरळ प्रश्न केला, “आम्ही कोणाच्या डोळ्यांत पाहावे?” वादाचा निकाल वादाने लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने फरशांचा एक मोठा मंच उभारलेला होता. त्याची उंची व उतार हवे तसे बदलता येत. त्यावर अंध व अंशतः अंध माणसांना चालावयास लावून कड किती उंच असली म्हणजे ती ओळखू येते, हे मोजण्यात आले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ६० मिलिमीटर, त्याहून ठेंगणी कड भरवशाची नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने असे सपाट रस्ते नव्याने करणे थांबविण्यास सांगितले. अंधांचे म्हणणे तक्रार म्हणून बाजूला पडले असते; माप म्हणून ते टिकले.

आता आपल्या घराकडे वळू. भारतात रस्त्यांचा शास्त्रीय विचार करण्याची परंपरा नवी नाही, आणि तिच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली, म्हणजे बेलिशांचे खांब उभे राहिले त्याच वर्षी, इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. १९४३ साली नागपुरास मुख्य अभियंत्यांनी जमून वीस वर्षांची देशव्यापी योजना आखली. ह्या योजनेचे माप मैलांचे होते, आणि त्या काळाची ती गरजही होती. चालणाऱ्यांसाठी ह्या संस्थेने स्वतंत्र मार्गदर्शिका काढली ती १९८८ मध्ये. २०१२ च्या सुधारित आवृत्तीप्रमाणे फूटपाथवर चालण्यास निदान १.८ मीटर रुंदीची मोकळी, अडथळ्यावाचूनची पट्टी हवी आणि कड १५० मिलिमीटरांहून उंच नको. आपल्या पायांखालचे वास्तव वाचकांस ठाऊक आहे. पिवळ्या फरश्या आता शहरोशहरी दिसतात. त्यांतल्या काही आंधळ्याला थेट विजेच्या खांबाशी नेऊन उभा करतात. मियाके ह्यांची फरशी आपण आणली, तिच्यामागचा विचार आणावयाचा राहिला.

तो विचार मांडणारे आपल्याकडे नव्हते असे नाही. दिल्लीच्या आयआयटीत १९७९ मध्ये दाखल झालेले प्राध्यापक दिनेश मोहन हे शरीराला इजा कशी होते ह्या शास्त्राचे अभ्यासक होते. उत्तर भारतातील खेड्यांत कडबाकुट्टीत सापडून शेतकऱ्यांचे हात तुटत, त्याचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. शेतकऱ्याला सावधपणाचे व्याख्यान देण्याऐवजी यंत्रालाच आवरण बसवावे, हा त्यांचा मार्ग होता. हाच न्याय त्यांनी रस्त्याला लावला. पाश्चात्य देशांत मरणारा प्रायः मोटारीत बसलेला असतो, आपल्याकडे तो पायी, सायकलीवर वा दुचाकीवर असतो. म्हणून तिकडचे उपाय जसेच्या तसे उचलून भागणार नाही, हे त्यांनी २०२१ साली निधन होईपर्यंत सांगितले. २००८ मध्ये दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरांचा मार्ग बस, सायकल आणि पादचारी ह्यांना स्वतंत्र जागा देऊन बांधण्यात आला. मोटारवाल्यांनी आरडाओरड केली. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे अमान्य केले. पण २०१६ मध्ये तो मार्ग उखडला गेला. कोर्टात जिंकलेली वहिवाट रस्त्यावर हरली.

महाराष्ट्राचीही कथा अशीच संमिश्र आहे. मुंबईत २००८ पासून आकाशमार्ग झाले. गर्दीतून सुटका होते हे खरे. पण त्यांत जिना चढतो तो चालणारा, आणि खालचा सपाट रस्ता मिळतो तो मोटारीला. खुर्चीवरच्या माणसाने तर जिन्याकडे नुसते पाहावे. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशात ओळखले जाई; तेथे सायकलमार्ग झाले, पण तुकड्यातुकड्यांचे, आणि तुकड्यांनी काय होते हे हेग-टिलबर्गने दाखवून ठेवले होते. उलटपक्षी, २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण मान्य केले, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता एक दिवस केवळ चालणाऱ्यांना मोकळा केला. एक दिवस हा थोडा खरा. पण हॉलंडातही आरंभ काही रविवारांनीच झाला होता.

आणि काय पणाला लागले आहे हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज सुमारे नव्वद. एखाद्या गावात एका दिवशी नव्वद माणसे दगावली तर देश हळहळेल. ही नव्वद निरनिराळ्या गावांत एकेकटी मरतात म्हणून त्यांची बातमी आतल्या पानावर एका ओळीत येते.

कायद्याच्या बाजूने वारे आता बदलत आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा रस्ते व वाहतूक सुगम करण्याचे बंधन घालतो. राजीव रतुरी ह्या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली दाखल केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निर्देश दिले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तर असे म्हटले की, सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत. पाठोपाठ १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने, पादचाऱ्याला फूटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून अपंगांनाही वापरता येतील असे फूटपाथ करण्यास राज्यांना फर्माविले. जी वहिवाट एका शिवीने गेली होती, तिला आता घटनेचा आधार मिळाला आहे.

परंतु निकालपत्र म्हणजे फूटपाथ नव्हे. स्लाउचे पट्टे, डेल्फ्टचे जाळे, ओकायामाची फरशी, लंडनचा ६० मिलिमीटरांचा आकडा, ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. कोणीतरी गाऱ्हाण्याचे माप केले, आणि ज्याला त्या रस्त्यावरून जावयाचे त्याला विचारून केले. हे काम मोठ्या प्रयोगशाळांनीच करावयाचे असे नाही. आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा, मंडईपर्यंतचा, दवाखान्यापर्यंतचा फूटपाथ शिंप्याच्या टेपाने मोजता येतो. १.८ मीटर मोकळी जागा किती ठिकाणी आहे, कड १५० मिलिमीटरांवर किती ठिकाणी गेली आहे, पिवळी फरशी कोठे संपते, हे एका कागदावर उतरविता येते. सोबतीला वस्तीतील एखादी वृद्ध बाई, एखादा पांढरी काठी वापरणारा शेजारी घ्यावा; डोळसांना न दिसणाऱ्या अडचणी त्यांना पहिल्या दहा पावलांत सापडतील. असे शंभर कागद वॉर्डाच्या कचेरीत तारखेनिशी दाखल झाले, तर त्यांना बाजूला सारणे अवघड जाईल. कागदाचे काम झाल्यावर दुसरे कामही करावयाचे आहे, आणि ते त्याहून जुने आहे. जवळच्या कामाला पायी जावयाचे, कारण वहिवाट टिकते ती वापराने.